अपरिग्रह आणि प्रवासाची बॅग

युरोपचा प्रवास ही एके काळी आयुष्यात एकदा घडली तर घडणारी गोष्ट होती. आता तसे राहिलेले नाही. मुले तिकडे नोकरीला असतात, कार्यालयाच्या कामाला जोडून चार दिवसांची सुटी मिळते, निवृत्तीनंतर पती-पत्नी एखाद्या सहलीत नाव नोंदवतात. रोम, पॅरिस, व्हिएन्ना, बार्सिलोना अशा एखाद्याच शहरात चार-पाच दिवस राहून परत यायचे, हेही आता आपल्याकडे रुळले आहे. तिकीट आणि व्हिसा हातात आला की घरात एकच विषय उरतो : बॅगेत काय घ्यायचे?

हा प्रश्न वरवर पाहता अगदी व्यवहारातला आहे. त्याचा साधनेशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण बॅग भरताना घरात जी वाक्ये बोलली जातात ती नीट ऐकावीत. "तिकडचे लोक किती टापटीप राहतात, आपण गबाळे दिसायला नको." "कालच्याच ड्रेसवर आजचाही फोटो कसा टाकायचा?" "असू दे गं, लागलंच तर?" या तीन वाक्यांत आपल्या मनाचा बराचसा नकाशा उमटलेला असतो. पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात हौस आणि स्पर्धा आहे, तिसऱ्यात भीती आहे.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांपैकी शेवटचा यम अपरिग्रह. त्याविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. घरात बसून त्यावर बोलणे सोपे असते, कारण घरातल्या वस्तू कपाटात असतात आणि त्यांचे वजन जाणवत नाही. प्रवासात मात्र प्रत्येक वस्तू उचलावी लागते, वजनकाट्यावर ठेवावी लागते. म्हणून आपल्याला किती पुरते आणि आपण जमवतो ते कोणासाठी, हे तपासायला प्रवासाच्या बॅगेसारखे साधन नाही.

शहर नेमके काय मागते?

रोमचे उदाहरण घेऊ. सुंदर कपड्यांसाठी, चामड्याच्या वस्तूंसाठी आणि ऐटीसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. तिथे जाणाऱ्याला सर्वांत जास्त चिंता कपड्यांची असते. पण ते शहर प्रवाशाकडे प्रत्यक्षात काय मागते, ते पाहिले तर गंमत वाटते.

रोमच्या जुन्या भागातले अनेक रस्ते काळ्या बसाल्टच्या छोट्या चौकोनी दगडांनी फरसबंद केलेले आहेत. त्या दगडांच्या मधल्या फटींत बॅगेची चाके अडकतात, उंच टाचेची चप्पल फसते, नवा बूट दुपारपर्यंत टाच सोलतो. जुन्या इमारतींतल्या कितीतरी निवासांत लिफ्ट नसते, किंवा असलीच तर एक माणूस आणि एक बॅग कशीबशी मावेल एवढी असते. म्हणजे शहराची पहिली मागणी आहे : पायाला सवय झालेले बूट आणि स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढे सामान.

दुसरी मागणी हवामानाची. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा तिशीच्या वर जातो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस असतो, जानेवारीत रात्री हात गारठतात. वसंतात आणि शरदात सकाळ थंड, दुपार उबदार आणि संध्याकाळ पुन्हा थंड. त्यासाठी एक जाड कोट आणि चार पातळ पोशाख नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे दोन-तीन थर अधिक उपयोगाचे.

तिसरी मागणी देवळाची म्हणावी अशी. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स या महामंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. हा नियम स्त्रियांना आहे तसाच पुरुषांनाही आहे. इटलीतल्या इतर अनेक चर्चमध्येही हीच अपेक्षा असते. आपल्याकडच्या माणसाला हे सांगावे लागू नये. एक ओढणी किंवा उपरणे बॅगेत असले की काम भागते, आणि तेच उपरणे विमानात पांघरायला, उन्हात डोक्यावर घ्यायलाही चालते.

चौथी गोष्ट पाण्याची. रोमच्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोखंडी पाणपोया उभ्या आहेत. नळाच्या बाकदार तोटीमुळे लोक त्यांना 'नासोनी', म्हणजे मोठ्या नाकाच्या, असे म्हणतात. दोन हजारांहून अधिक पाणपोयांतून पिण्याचे पाणी अखंड वाहत असते आणि ते फुकट असते. एक रिकामी बाटली सोबत असली की रोज पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन फेकाव्या लागत नाहीत.

याखेरीज विजेचा एक छोटा जोड लागतो, कारण आपल्याकडची जाड तीन पिनांची प्लग तिथल्या भोकांत बसत नाही. विजेचा दाब मात्र आपल्यासारखाच, २३० व्होल्टचा आहे. त्यामुळे मोठे यंत्र नेण्याची गरज नाही.

एवढे सगळे धरले तरी शहराची मागणी सात-आठ किलोंत बसते. विमान कंपन्या पुष्कळदा माणशी २३ किलो किंवा त्याहून अधिक सामान नेऊ देतात, आणि आपण तो आकडा पुरा करतो. मग उरलेले पंधरा किलो कोणी मागितले?

लाल झालेला चेहरा

याच रोमच्या परिसरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. तो सम्राट नीरोचा शिक्षक होता आणि त्या काळच्या अतिश्रीमंतांपैकी एक होता. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्याने ल्युसिलियस या मित्राला पत्रे लिहिली. ती आजही जगभर वाचली जातात. त्यांतल्या सत्त्याऐंशीव्या पत्रात त्याने एका साध्या प्रवासाची हकीकत सांगितली आहे.

सेनेका आणि त्याचा एक मित्र मोजकेच सामान घेऊन दोन दिवस फिरले. अंगावरच्या कपड्यांशिवाय फारसे काही घेतले नव्हते. गादी जमिनीवर, आणि गादीवर हा. दोन पांघरुणे, एक खाली एक वर. जेवणाला सुकी अंजिरे कधी भाकरीच्या जागी, कधी भाकरीबरोबर. गाडी शेतकऱ्याची, आणि तिला जोडलेली खेचरे इतकी मंद की ती चालतात यावरूनच जिवंत आहेत हे कळावे. सेनेका लिहितो की, किती अनावश्यक गोष्टींशिवाय आपले चालू शकते हे या दोन दिवसांत त्याला कळले, आणि ते दिवस फार आनंदाचे गेले.

इथेच तो थांबला असता तर ते एक चांगले बोधवचन झाले असते. पण तो प्रामाणिक होता. पुढे तो सांगतो की, वाटेत जेव्हा एखादा थाटामाटाचा लवाजमा समोरून येई तेव्हा त्याचा चेहरा नकळत लाल होई. ही खटारा गाडी आपली आहे, असे लोकांना वाटू नये असे त्याला वाटे. ज्या साधेपणाची तो मनापासून स्तुती करत होता तो साधेपणा त्याच्यात अजून पक्का मुरलेला नव्हता, हे त्याने स्वतःच ओळखले. साध्या गाडीत बसून ज्याला लाज वाटते तो भारी गाडीत बसून मिरवणारच, असा निष्कर्ष त्याने काढला.

ही कबुली साधकाच्या फार उपयोगाची आहे. बॅगेतून चार कपडे कमी करणे अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतर, झगमगत्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या नजरेसमोर सहज उभे राहणे. वस्तू कमी झाल्या म्हणजे अपरिग्रह आला असे होत नाही. वस्तू कमी केल्यावर मनात जे उठते ते पाहिले, तर तिथून त्याची सुरुवात होते.

एक पांढरा पोशाख आणि एक शाल

आपल्या देशातल्या एका प्रवाशाची हकीकत याला जोडून पाहण्यासारखी आहे. १८८८ साली एक अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. मित्रांनी त्याला पांढऱ्या फ्लॅनेलचा एक पोशाख करून दिला होता. बोटीवर त्याने काळा सूट वापरला आणि हा पांढरा पोशाख खास किनाऱ्यावर उतरण्याच्या क्षणासाठी राखून ठेवला. उतरला तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच होता. त्यात सामान आणि किल्ल्या एजंटाकडे सोपवलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय नव्हती. मोहनदास गांधी यांनी आत्मकथेत हा प्रसंग स्वतःच सांगितला आहे.

पुढे काही काळ त्यांनी 'सभ्य' दिसण्याचा ध्यास घेतला. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला, नाचाचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले. तीनेक महिन्यांनी तो ध्यास उतरला. मात्र नीटनेटकेपणा त्यांनी सोडला नाही.

त्रेचाळीस वर्षांनी, १९३१ साली, गोलमेज परिषदेसाठी तेच गृहस्थ 'राजपुताना' बोटीने पुन्हा इंग्लंडला निघाले. सोबतच्या मंडळींनी बरेच सामान घेतले आहे हे बोटीवर त्यांच्या लक्षात आले. थंडीचा देश, मोठी परिषद, म्हणून स्नेह्यांनीही काय काय दिले होते. गांधीजींना ते मानवले नाही. अनावश्यक सामान त्यांनी एडन बंदरातून परत पाठवायला लावले. परिषद आटोपल्यावर परतीच्या वाटेवर, डिसेंबरच्या थंडीत, ते रोमलाही थांबले. अंगावर तेच आखूड धोतर आणि शाल होती. त्या पोशाखात त्यांनी व्हॅटिकनमधली कला पाहिली, आणि क्रूसावरच्या येशूच्या प्रतिमेसमोर ते हेलावून गेले.

या दोन प्रवासांत पोशाख बदलला हे तर दिसतेच. परंतु मुख्य बदल निराळा आहे. १८८८ चा पांढरा पोशाख किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहावे म्हणून होता. १९३१ ची शाल आणि आखूड धोतर ज्यांना पुरेसे कापड मिळत नव्हते अशा देशबांधवांसाठी होते. दोन्ही पोशाखांमागे 'इतर' होतेच. पहिल्या वेळी इतरांची नजर होती, दुसऱ्या वेळी इतरांविषयी आस्था होती. बॅग भरताना आपल्याला जो विवेक करायचा आहे तो हाच : ही वस्तू मी इतरांसाठी घेतो आहे, की इतरांच्या नजरेसाठी?

मग चांगले कपडे घालूच नयेत काय?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. परक्या शहरात जाताना व्यवस्थित कपडे घालावेत यात गैर काय? आपणही देवळात जाताना, लग्नाला जाताना, वडीलधाऱ्यांना भेटायला जाताना बरा पोशाख करतोच की. तो काय दिखावा असतो?

नाही. इटलीतल्या लोकांत 'बेला फिगुरा' अशी एक कल्पना आहे. शब्दशः अर्थ, छान दिसणे. पण तिकडच्या बोलण्यात तिचा अर्थ पोशाखापुरता नसतो. दुकानात शिरताना अभिवादन करणे, जेवणाच्या जागी मोठ्याने न बोलणे, प्रसंगाला शोभेल असे वागणे हे सगळे त्यात येते. रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला मनाई आहे आणि बसणाऱ्याला दंड होतो. तिथे अतिशय देखणा पोशाख करून फोटोसाठी ठिय्या देणारा प्रवासी तिथल्या लोकांच्या लेखी 'बेला' ठरत नाही, आणि इस्त्री नसलेल्या शर्टातला पण नियम पाळणारा माणूस ठरू शकतो.

म्हणजे पोशाख ही यजमानाला दिलेली मानवंदना असू शकते. सेंट पीटर्समध्ये खांद्यावर घेतलेली ओढणी तशीच आहे. ज्यांच्या घरी उतरणार त्यांच्यासोबत एका संध्याकाळी बाहेर जेवायला जायचे आहे, म्हणून एक चांगली साडी किंवा एक बरा कोट नेला, तर तो परिग्रह नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आहार-विहाराला 'युक्त' असे म्हटले आहे. युक्त म्हणजे प्रसंगाला आणि प्रकृतीला जुळणारे. अतिरेकाला जसे त्यात स्थान नाही, तसे हट्टाने केलेल्या उपेक्षेलाही नाही.

मानवंदना आणि मिरवणूक यांतला फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात. पहिला : या वस्तूचा फोटो निघणार नसेल आणि मी ती नेली हे कोणाला कळणारही नसेल, तरी मी ती नेईन का? दुसरा : मी ती नेली नाही तर कोणाची गैरसोय होईल, कोणाचा अवमान होईल? ओढणी, औषधे, छत्री, चालण्याचे बूट या दोन्ही प्रश्नांत सहज उत्तीर्ण होतात. सहावा पोशाख बहुधा पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

आता सेनेकाच्या पत्रातली एक बाजू पुन्हा पाहिली पाहिजे. त्याचा साधा प्रवास त्याने ज्या शब्दांत मांडला, त्यात तो सहज सांगून जातो की सोबत अगदी थोडेच गुलाम होते, एका गाडीत मावतील एवढे. आणि गाडी हाकणारा अनवाणी होता, तोही उन्हाळा होता म्हणून नव्हे. आपल्या साधेपणाच्या वर्णनात त्या माणसाचे उघडे पाय हा सेनेकासाठी एक तपशील होता. एवढ्या सूक्ष्मपणे स्वतःचे मन तपासणाऱ्या या विचारवंताला आपल्या चेहऱ्यावरची लाली दिसली, पण शेजारच्या अनवाणी पायांत त्याला प्रश्न दिसला नाही.

आपल्या बॅगेलाही असे अनवाणी पाय असतात. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही बहुमजली इमारत कोसळली. तिच्यात युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरीही कामगारांना कामावर बोलावले गेले. अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत शिलाईकाम करणाऱ्या तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. एका सहलीसाठी, दोन फोटोंसाठी म्हणून आपण जो स्वस्त, चटकन जुना होणारा कपडा घेतो त्याची किंमत इतकी कमी कशी, हा प्रश्न अपरिग्रहाच्या बाहेरचा नाही. आपण दिले नाही ते मोल कोणीतरी दुसऱ्याने मोजलेले असते. घरातला आधीचाच चांगला पोशाख धुऊन, इस्त्री करून नेणे हे यावरचे सगळ्यांत साधे उत्तर आहे.

हे झाले दूरचे. जवळचेही पाहावे. बहुतेक घरांत बॅग कोण भरते? नवऱ्याचे मोजे, मुलांचे स्वेटर, सासूबाईंची औषधे, सगळ्यांचा फराळ हे सारे आठवून ठेवण्याचे काम पुष्कळदा एकाच व्यक्तीवर असते. तिथे पोचल्यावर काही विसरले की बोलही तिलाच लागतो. आणि जास्तीची बॅग जिन्यावरून चढवताना मुलगा किंवा जावई घामाघूम होतो. आपण हौसेने घेतलेली वस्तू आपणच शेवटपर्यंत उचलणार आहोत का, एवढे विचारले तरी बराच भार हलका होईल. 'ज्याची त्याने भरावी, ज्याची त्याने उचलावी' हा नियम घरात दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून लागू करता येतो. आजारी आणि वृद्ध यांचा अपवाद अर्थातच आहे. त्यांचे ओझे उचलता यावे म्हणूनच आपले हलके असावे.

हलकेपणाचा ताठा

याच्या उलट टोकालाही एक सापळा आहे. आजकाल 'मी फक्त पाठीवरच्या एका पिशवीत युरोप फिरून आलो' असे सांगण्याची टूम निघाली आहे. मोजून दहा कपडे, सगळे एका रंगाचे, सगळे महागडे. हाही दिखावाच, फक्त त्याचा रंग वेगळा. आणि अशा हलक्या प्रवाशाला पाऊस आला की दुसऱ्याच्या छत्रीत शिरावे लागते, डोके दुखले की दुसऱ्याच्या पिशवीतली गोळी मागावी लागते. आपले ओझे दुसऱ्यावर टाकून आलेला हलकेपणा हा अपरिग्रह नव्हे.

याबाबतीत बौद्ध भिक्षूंची जुनी मर्यादा मोठी बोलकी आहे. भिक्षूने बाळगायच्या आठ वस्तू परंपरेने ठरलेल्या आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे साधन. या यादीत सुई आहे, म्हणजे फाटलेले फेकायचे नाही, शिवायचे. आणि पाण्याचे गाळणे आहे ते पाण्यातल्या बारीक जिवांना इजा होऊ नये म्हणून. ज्याच्याजवळ एकूण आठच वस्तू, त्याने त्यांतली एक दुसऱ्या जिवांसाठी राखली. कमी वस्तूंचे मोल संख्येत नसते. त्या कशासाठी राखल्या यात असते.

बॅग भरण्याची एक रीत

आता थोडे प्रत्यक्ष. चार-पाच दिवसांच्या शहरी प्रवासासाठी ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी पुढील क्रम ठेवावा.

निघण्याच्या चार दिवस आधी नेण्याच्या सर्व वस्तू एका चादरीवर मांडाव्यात. लगेच बॅगेत कोंबू नयेत. शांत बसून प्रत्येक वस्तूकडे पाहावे आणि मनात तिला एक नाव द्यावे : गरज, आदर, भीती किंवा नजर.

'गरज' या नावाच्या वस्तू आधी ठेवाव्यात. पासपोर्ट, तिकिटे आणि विम्याचा कागद; शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, त्याची प्रत जवळ असावी. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीही हातातल्या बॅगेत. सवयीचे बूट. चार वरचे कपडे आणि दोन खालचे, एकमेकांवर चालतील असे. हातावर धुऊन रात्रीत वाळतील असे आतले कपडे तीन-चार जोड पुरतात. एक गरम थर, एक पावसाचा थर. विजेचा जोड, रिकामी बाटली, कापडी पिशवी, सुई-दोरा.

'आदर' या नावाच्या वस्तू त्यानंतर. एक ओढणी किंवा उपरणे. एक प्रसंगाचा पोशाख. यजमानांसाठी छोटी भेट. खाऊ नेताना तिथला नियम पाळणे हाही आदरच आहे. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. म्हणून तूप, पनीर, खवा घरीच ठेवावा. 'आपले चार डबे कोण तपासतो' असे म्हणून ते लपवून नेणे हे सत्य आणि अस्तेय या यमांशीही जुळत नाही. कोरडा चिवडा, खाकरे, भाजके चणे यांवर दोन वेळची अडचण सहज निभते.

'भीती' या नावाच्या वस्तूंना फटकारू नये. भीतीत थोडे शहाणपणही असते. पण तिला एक जागा नेमून द्यावी, उदाहरणार्थ एक छोटी पिशवी. तिच्यात मावेल तेवढे न्यावे आणि उरलेले सोडावे. रोम हे कोट्यवधी माणसांनी पाहिलेले शहर आहे. तिथे टूथपेस्ट आणि मोजे मिळतात.

'नजर' या नावाच्या वस्तू चादरीवरच राहू द्याव्यात. एकदम सगळ्या नको असतील तर एक ठेवावी. पण ती कोणत्या नावाने बॅगेत गेली हे स्वतःला माहीत असावे.

परत आल्यावर आणखी एक काम उरते. बॅग उघडताना ज्या वस्तूंना एकदाही हात लागला नाही त्या बाजूला काढाव्यात आणि त्यांची नावे लिहून ठेवावीत. पुढच्या प्रवासाला तोच कागद समोर ठेवावा. कोणत्याही उपदेशापेक्षा तो कागद अधिक शिकवतो, कारण तो आपल्या स्वतःच्या मनाचा हिशेब असतो.

हलके झाल्यावर काय उरते?

पतंजलींनी अपरिग्रहाचे जे फळ सांगितले आहे ते विचार करायला लावणारे आहे. अपरिग्रह स्थिर झाला की साधकाला आपल्या जन्माचे 'कसे' आणि 'का' कळते, असा त्याचा आशय आहे. वस्तू सोडण्याचा आणि स्वतःला जाणण्याचा असा संबंध का जोडला असेल? आपण स्वतःला पुष्कळदा वस्तूंवरून ओळखत असतो, इतरांनीही तसेच ओळखावे अशी आपली खटपट असते. परक्या शहरात तर आपले पद, घर, गाडी, ओळखीपाळखी यांतले काहीच सोबत नसते. ती पोकळी भरून काढायला आपण बॅग भरतो. ती थोडी रिकामी राहिली तर आपण कोण आहोत, हे पाहण्याची एक संधी मिळते. दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या कमानींखाली, आपले नावही ज्यांना ठाऊक नाही अशा गर्दीत उभे असताना ती संधी अधिकच मोठी असते.

आणि एक साधा लाभ. ज्याला चार दिवसांत सहा पोशाख वापरून संपवायचे असतात त्याची सकाळ आरशासमोर जाते. ज्याने दोनच आणले त्याची सकाळ शहराला मिळते. तो लवकर बाहेर पडतो. दुकानदार दारापुढचे दगड धूत असतो, पाणपोईवर एखादी वृद्ध स्त्री बाटली भरत असते. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. तिची बाटली जड झाली तर ती उचलून तिच्या दारापर्यंत नेण्याइतके मोकळे.

पुढचा प्रवास युरोपचा असो की गावच्या जत्रेचा, त्याआधीच्या चार दिवसांत एका संध्याकाळी चादर अंथरून बघावी. सोबत घरच्यांनाही बसवावे. कोणाच्या वस्तूला कोणते नाव द्यायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.